सिस्टरांची मिनिटं

अमोलचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा गाळत होतो. "काका, मावशी गेली," तो म्हणाला. "झोपेतच. साधारण साडेतीनच्या सुमाराला असेल." गाळणं ओट्यावर ठेवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नक्की किती वाजता?" तो बिचारा म्हणाला, "तीनला मी पाणी दिलं होतं, काका. चारला चहासाठी हाक मारली, तर..." मला इतकी लाज वाटली की पुढे धड काही बोलताच आलं नाही. पण तो प्रश्न खरं तर माझा नव्हता. नऊ वर्षं ज्यांच्या शेजारी बसून मी मिनिटं लिहिली, त्यांचा होता. ‘साधारण’ हा शब्द ऐकला की सिस्टरांच्या कपाळाला आठी पडायची. "साधारण म्हणजे किती? घड्याळ आहे ना हातात? मग बघा त्याच्याकडे. ते काही रागावत नाही."

या गोष्टीला सहा आठवडे झाले. सिस्टरांच्या भाच्याने, अमोलनेच, सांगितलं की मावशीबद्दल काहीतरी लिहा, पेपरवाले छापतील. पुण्यात पळणारी माणसं आता पुष्कळ आहेत, त्यातल्या अनेकांना त्या तोंडओळखीने माहीत होत्या. मी ‘बघतो’ म्हणालो आणि सहा आठवडे नुसता बघत राहिलो. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याकडून झालेली एक चूकही लिहावी लागणार होती. ती वगळून लिहून पाहिलं. दोन पानं झाली, अक्षरही छान आलं, आणि ती पानं वाचताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे.

विमल गायकवाड हे त्यांचं नाव. पण सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात तीस वर्षं नोकरी केल्यामुळे आमच्या कोथरूडच्या सोसायटीतसुद्धा त्या सगळ्यांच्या ‘सिस्टर’च होत्या. बालपण खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील तिथे फिटर होते. "आमच्या घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता," असं त्या सांगायच्या. भोंग्याला उठायचं, भोंग्याला डबा भरून तयार ठेवायचा. वडील दोन मिनिटं उशिरा फाटकावर पोचले तर ते बंद झालेलं असायचं. वेळेचा तो धाक त्यांनी आयुष्यभर बाळगला. फरक एवढाच की वडिलांना जो धाक होता, त्याचं लेकीने हत्यार केलं. अपघात विभागात माणूस आत आला की त्या आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायच्या आणि मग माणसाकडे. नव्या डॉक्टरांना हे कोरडेपणाचं वाटायचं. चार महिने काम केल्यावर तेही तसंच करायला लागायचे.

निवृत्त झाल्यावर त्या शर्यतींकडे वळल्या. पूर्वीच्या दवाखान्यातले डॉ. साठे स्वतः पळायचे. मॅरेथॉनला येणारी आपली वैद्यकीय मदत म्हणजे एक टेबल, एक स्प्रेचा डबा आणि एक झोपलेला ड्रायव्हर, हे पाहून त्यांना चीड आली आणि त्यांनी सिस्टरांना बोलावलं. कागदावर वैद्यकीय प्रमुख डॉ. साठे असायचे. पण कोणत्या किलोमीटरला कोण उभं राहील, ॲम्ब्युलन्स गर्दीतून कोणत्या गल्लीने बाहेर काढायची, येरवड्याच्या बाजूला रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, हे सगळं सिस्टर ठरवायच्या. शर्यतीच्या आधीच्या रविवारी त्या रिक्षाने पूर्ण मार्ग फिरायच्या आणि प्रत्येक वळणावर रिक्षा थांबवून काहीतरी टिपायच्या. एकदा मीही सोबत होतो. रिक्षावाल्याने शेवटी विचारलं, "मावशी, मोर्चा काढताय का?" त्या म्हणाल्या, "हो. पळत जाणाऱ्यांचा. तुम्ही त्या दिवशी इथे गाडी लावू नका, म्हणजे झालं."

मी त्यांच्या हाती लागलो तो माझ्या अक्षरामुळे. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि निवृत्तीनंतर सोसायटीचा सचिव झालो. फलकावरच्या सूचना मी हातानेच लिहायचो. ‘पार्किंगमधील धूळ खाणाऱ्या सायकली मालकांनी ओळखाव्यात, अन्यथा त्या अनाथ समजल्या जातील,’ अशी एक सूचना मी लावली होती. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात सिस्टर. "ते फलकावरचं अक्षर कुणाचं?" मी जरा फुशारूनच ‘माझं’ म्हणालो. "सायकल माझी नाही," त्या म्हणाल्या, "पण अक्षर मला पाहिजे. रविवारी पहाटे चारला खाली या. स्वेटर घाला."

मेडिकल टेंटला त्या ‘तंबू’ म्हणायच्या. तिथे माझं काम अगदी साधं होतं. दाराशी टेबल, टेबलावर चिमट्याने तक्त्याला लावलेले आखलेले कागद. आत येणाऱ्या प्रत्येकाचा छातीवरचा नंबर, तक्रार, काय केलं ते, आणि दोन वेळा: आत आणि बाहेर. या दोन रकान्यांवर सिस्टरांचा सगळा कारभार उभा होता. ‘बाहेर’चा एकही चौकोन रिकामा असेल तर तंबू आवरायचा नाही, हा त्यांचा नियम. एका वर्षी एका माणसाची बाहेरची वेळ सापडेना. मंडपवाले खांब सोडायला आले होते, आयोजक घाई करत होते, पण सिस्टर खुर्चीवरून उठेनात. चाळीस मिनिटं आम्ही फोन करत राहिलो. शेवटी त्याच्या बायकोने फोन उचलला. तो घरी आंघोळ करत होता. "बाहेर आले की त्यांना विचारा, तंबूतून किती वाजता निघाले," सिस्टर म्हणाल्या. "आणि नीट विचारा. साधारण नको."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पेन्सिल दिली होती. मी ती नम्रपणे बाजूला ठेवली आणि खिशातलं शाईचं पेन काढलं. पस्तीस वर्षं त्याच पेनने पुस्तकांच्या दाखलनोंदी लिहिलेल्या, सवय सुटणारी नव्हती. "इथे पाणी असतं, ग्रंथपाल," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, जपून लिहीन. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मला वाटलं, पटलं असावं.

आता टबाबद्दल सांगायला हवं. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला भांडी विसळायला मोठाले निळे टब असतात, तसला एक त्यांनी मिळवला होता. तंबूच्या एका कोपऱ्यात तो पाण्याने भरून ठेवायचा आणि शेजारी गोणपाटात बर्फाच्या लाद्या. त्याची चेष्टा दर वर्षी व्हायची. "सिस्टर, डिसेंबरात बर्फ? लग्न-बिग्न आहे का कुणाचं?" असं एका आयोजकाने विचारलं होतं. "ठरलं की पत्रिका देईन. तोवर दोन लाद्या वाढवा," हे उत्तर. मलाही कळत नव्हतं, म्हणून एकदा विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं की, थंडीतसुद्धा जीव तोडून पळणाऱ्या एखाद्याच्या शरीरातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. तो असंबद्ध बोलतो, भांडतो, मग कोसळतो. अशा माणसाला आधी गार करायचं, तिथल्या तिथे, गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवून. आणि मग दवाखान्यात न्यायचं. उलट केलं तर रस्त्यातल्या प्रत्येक सिग्नलला त्याचा मेंदू आतून शिजत राहतो. "लोकांना वाटतं, ॲम्ब्युलन्स सुटली की उपचार सुरू झाले," त्या म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स म्हणजे नुसती गाडी आहे हो."

चार वर्षं त्या टबात कुणी बसलं नाही. पाचव्या वर्षी योगेश आला.

तिशीचा, शिडशिडीत मुलगा. एकवीस किलोमीटरची शर्यत संपायला दोनशे मीटर उरले असताना तो उलट्या दिशेने पळायला लागला होता. स्वयंसेवकांनी धरून आणलं, तर तो त्यांना शिव्या देत होता. काखेतला थर्मामीटर अशा वेळी खोटं बोलतो, म्हणून डॉ. साठ्यांनी आतलं तापमान घेतलं. एक्केचाळीस अंश सेल्सिअसच्या वर. सिस्टर फक्त म्हणाल्या, "टब." मी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: सात एकोणतीस. चौघांनी त्याला उचलून पाण्यात बसवलं. तो ओरडत होता, हातपाय झाडत होता, पाणी माझ्या टेबलापर्यंत उडत होतं. दर दोन-तीन मिनिटांनी डॉ. साठे तापमान सांगायचे, मी वेळ सांगायचो आणि लिहायचो. तेवढ्यात दारातून एक माणूस घुसला. योगेशचा मोठा भाऊ. तो कडेला उभं राहून फोटो काढायला आला होता, आणि आत पाहतो तर भाऊ बर्फात, चार माणसं त्याला दाबून धरताहेत, आणि बाहेर रिकामी ॲम्ब्युलन्स उभी.

"अहो, मारताय काय त्याला? गाडी समोर उभी आहे आणि तुम्ही पाण्यात बुडवताय?"

"अजून थोडी मिनिटं," सिस्टर टबावरून नजर न हलवता म्हणाल्या. "दादा, इकडे या. नाव काय याचं?"

"योगेश... अहो, सोडा त्याला आधी!"

"त्याचा हात धरा आणि नावाने हाक मारा. तुमचा आवाज त्याला ओळखीचा आहे, आमचा नाही. मारा हाक."

भावाने हात धरला. हाक मारतानाही तो मध्येमध्ये सिस्टरांना शिव्याच देत होता आणि त्या ‘हं, मारत राहा’ म्हणत होत्या. तापमान उतरलं, योगेश टबातून बाहेर आला, अंग पुसलं, ॲम्ब्युलन्स सुटली. प्रत्येक वेळ मी लिहिली होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी कागद काढले. त्यांची दशा झाली होती. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरून निळे ढग झालेले. पस्तीस वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाला अशी पानं बघवत नाहीत. सिस्टरांना ती तशीच देणं मला अपमानास्पद वाटलं. त्यांचा नव्हे, माझा. मी नवे कागद घेतले, पट्टीने रकाने आखले आणि सगळं स्वच्छ उतरवून काढलं. तापमानांपुढच्या वेळा तर पार धुऊन गेल्या होत्या. एका ठिकाणी अडलो. योगेश टबातून बाहेर आला ती वेळ. सात एक्केचाळीस की सात सत्तेचाळीस? शेवटचा आकडा पाण्याने अर्धा खाल्ला होता. मी बराच वेळ दिव्याखाली धरून पाहिलं. माणूस जितका लवकर पाण्यातून बाहेर आला तितकं सिस्टरांसाठी बरं, असं काहीसं मनात आलं असावं. मी एक्केचाळीस लिहिलं. मग ओली पानं फाडून कचऱ्यात टाकली आणि स्वच्छ प्रत फाइलला लावून समाधानाने झोपलो.

योगेश आठ दिवस अतिदक्षता विभागात होता. तो वाचला. पण त्या आठ दिवसांत भावाने आयोजकांकडे लेखी तक्रार केली की दवाखान्यात न नेता माझ्या भावाला तंबूत पाऊण तास डांबून ठेवलं, आणि त्याला जबाबदार त्या नर्सबाई आहेत. आयोजकांनी बैठक बोलावली. एका कार्यालयात लांब टेबल, पलीकडे तिघे, अलीकडे डॉ. साठे, सिस्टर आणि मी. सिस्टर निश्चिंत होत्या. "आपल्याकडे मिनिटं आहेत," असं त्या जिना चढताना मला म्हणाल्या होत्या.

मी फाइल पुढे सरकवली. समोरच्या गृहस्थांनी पानं उलटली. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले, आणि मला, आता सांगायलाही नको वाटतं, क्षणभर बरं वाटलं. "एकसारखी शाई. एक खाडाखोड नाही. हे तुम्ही टबाशेजारी बसून लिहिलंत?"

"नाही. संध्याकाळी उतरवलं."

"आणि मूळ कागद?"

"... टाकले."

पान माझ्याकडे फिरवून त्यांनी बोट ठेवलं. टबातून बाहेर, सात एक्केचाळीस. ॲम्ब्युलन्स निघाली, सात पंचावन्न. ही वेळ ड्रायव्हरच्या वहीतही होती. "मधली चौदा मिनिटं पेशंट तंबूत काय करत होता?"

सिस्टरांनी पान जवळ ओढलं. "चौदा नसतील," त्या म्हणाल्या. "आठच्या वर आम्ही घेतच नाही."

"कागदावर चौदाच आहेत, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो आकडा मी अंदाजाने लिहिला, हे त्या क्षणी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं. पण तोवर मी एकदा ‘टाकले’ म्हणालो होतो, आणि त्यावर आणखी एक... माझी जीभ उचललीच नाही. मग त्याच म्हणाल्या, "कागदांची जबाबदारी माझी. ते माझ्या ताब्यात असायला हवे होते. चूक झाली ती माझी, यांची नाही." डॉ. साठे उपचाराबद्दल पुष्कळ बोलले, योग्य तेच बोलले. पण समोरच्यांचं लक्ष त्या चौदा मिनिटांवरच होतं. स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या खोट्या चौदा मिनिटांवर.

परत येताना रिक्षात, नदी ओलांडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ग्रंथपाल, तुम्ही फाटकी पुस्तकं दुरुस्त करता ना?"

"हो."

"एखादं पान खराब झालं असेल, तर ते काढून टाकून तुमच्या अक्षरात नवीन लिहिता आणि चिकटवता का?"

"नाही... तसं कधीच नाही करत."

"मग?"

मी तेव्हा त्यांना एक्केचाळीस आणि सत्तेचाळीसचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी थांबली तेव्हा उतरता उतरता त्या एवढंच म्हणाल्या, "पेन्सिल वापरा म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिलं. पोच आली नाही. पुढच्या वर्षी त्या शर्यतीचा तंबू दुसऱ्या कुणाकडे तरी गेला, आणि तो निळा टब आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आला. मी सचिव असल्यामुळे सभासद मलाच विचारायचे की हे काय, यात कमळं लावायची का? मी सांगायचो, टब जागेवर राहील. सिस्टरांनी या काळात कुणाबद्दल काही तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. फक्त शर्यतीच्या रविवारी पहाटे चारला त्यांच्या घरात दिवा लागायचा. माझी खिडकी समोर होती, म्हणून मला दिसायचं. त्या कुठेच जायच्या नाहीत. दिवा नऊपर्यंत असायचा.

साधारण वर्षाने... नाही, तेरा महिन्यांनी, त्यांच्याकडे एक पाहुणा आला. मी सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला गेलो होतो, म्हणून त्या वेळी तिथे होतो. "मी योगेश," तो दारातच म्हणाला. "टबातला." सिस्टरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आत या. आधी सांगा, नंबराच्या कागदामागे नाव-पत्ता लिहायला जागा असते, तिथे काय लिहिलं होतं तुम्ही?" "काही नाही," तो ओशाळून म्हणाला. "म्हणून तुमचं नाव भावाला विचारावं लागलं. बसा. चहा टाकते." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की गार करून आणलं नसतं तर गोष्ट वेगळी असती. ते सांगायला तो आला होता. भाऊ आला नव्हता. सिस्टरांनी त्याच्याबद्दल विचारलं ते एवढंच: "आवाज बसला होता का हो त्यांचा, दुसऱ्या दिवशी? फार ओरडले होते."

पुढे एका लहान शर्यतीवाल्यांनी त्यांना बोलावलं. दहा किलोमीटरची, हौशी मंडळींची. गच्चीवरून टब उतरवायला योगेश आला, आणि तेव्हापासून बर्फ त्यानेच आणायचा असं ठरून गेलं. माझ्या टेबलावर सिस्टरांनी तक्ता ठेवला. त्याला बुटाच्या जुन्या नाडीने एक पेन्सिल बांधलेली होती, गाठ मारून. मी शाईचं पेन घरीच ठेवून आलो होतो, पण त्यांनी खिसा तपासल्यासारखं करून पाहिलंच. त्या दिवसापासून ओले, चुरगळलेले, खाडाखोड केलेले कागद जसेच्या तसे फाइलला लागू लागले. आधी मला ते पाहवायचे नाहीत. मग हळूहळू वाचता यायला लागले. कुठे घाई झाली होती, कुठे हात थांबला होता, कुठे कुणाचा घाम पडला होता, सगळं त्यात दिसायचं.

या हिवाळ्यात त्यांची तब्येत उतरली. हृदयाचं काम मंदावलं होतं, पायांवर सूज यायची. त्या अमोलकडे, खडकीला राहायला गेल्या. शर्यतीला येऊ नका असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं, म्हणून त्या आल्या. अमोलने गाडीतून आणलं आणि तंबूत माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या तक्त्यावर बोट टेकवलं. "मला लिहा."

"तुम्हाला कशाला?"

"तंबूत जो बसला तो कागदावर. नियम सगळ्यांना सारखा."

"नंबर?"

"नंबर नाही. वय लिहा, एकाहत्तर. तक्रार लिहा, पाय ओढतात. वेळ बघा."

सहा बारा. मी लिहिलं. मग पळणारे येऊ लागले, पोटऱ्यांत गोळे आलेल्यांची रांग लागली आणि मी मान खाली घालून लिहीत राहिलो. कधीतरी वर पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. योगेश म्हणाला, त्यांना दम लागला होता, अमोल घेऊन गेला. तुम्हाला हात केला त्यांनी, तुम्ही लिहीत होता. ती आमची शेवटची भेट. म्हणजे त्यांनी घेतलेली. मी लिहीत होतो.

खडकीच्या विहारात त्यांची आदरांजली सभा झाली. वंदना झाली, डॉ. साठे बोलले, दवाखान्यातल्या दोन जुन्या मावशी रडत रडत बोलल्या. मला आग्रह झाला, पण मी उठलो नाही. बाहेर चपला शोधताना एक माणूस जवळ आला. पोट सुटलेलं, केस पांढरे झालेले. मी ओळखलं ते आवाजावरून. योगेशचा भाऊ. "तुम्हीच लिहीत होता ना तेव्हा?" त्याने विचारलं. "एक विचारायचं होतं. किती मिनिटं होती हो ती, खरंच? गार केल्यानंतरची?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. "आठ असावीत," मी म्हणालो. "त्या म्हणाल्या आठ. पण नक्की मला माहीत नाही. मूळ कागद मी टाकून दिले आणि तुम्ही पाहिलेला आकडा माझ्या अंदाजाचा होता. तसं पत्र मी दिलं होतं, पण तुमच्यापर्यंत आलं नसेल."

तो हातातल्या चपलेकडे पाहत राहिला. "नाही आलं," तो म्हणाला. मग, "मी त्यांना भेटायला यायचं म्हणत होतो. योगेश दर वर्षी म्हणायचा, चल. दर वर्षी वाटायचं, आधी ती चौदा मिनिटं कळू देत, मग जाऊ..." त्याने चपला पायात घातल्या आणि फाटकापर्यंत गेला. तिथून वळून म्हणाला, "पुढच्या वेळी बर्फ उचलायला आलो तर चालेल?" मी म्हणालो, चारला या. स्वेटर घाला.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी या वर्षीची फाइल काढली. ओलाव्याने पानांना लाटा आल्या आहेत. पहिल्याच पानावर, पहिलीच ओळ: नंबर नाही, एकाहत्तर, पाय ओढतात, आत सहा बारा. पुढचा चौकोन कोरा. त्या दिवशी दुपारी आम्ही तंबू आवरला, खांब सोडले, टब उलटा करून टेंपोत चढवला, आणि तो चौकोन मी पाहिलाच नाही. ज्या बाईंनी एका आंघोळ करणाऱ्या माणसासाठी मंडपवाल्यांना चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं, त्यांची बाहेरची वेळ कुणी विचारली नाही.

नाडीला बांधलेली पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. अमोलला फोन करता आला असता. तो म्हणाला असता, साधारण नऊ. पानही कसं पूर्ण दिसलं असतं.

पेन्सिल मी सोडली. ती नाडीवर थोडी हलली आणि तक्त्याला टेकून थांबली. पान आहे तसं फाइलला लावलं.